जंतू मरतो, पण रक्तपेशी?

‘वनस्पतीतलं आहे, म्हणजे निर्धोक’ असं कुणी म्हणालं की मी कलाटा बी१ची आठवण करून देते. काँगोत बाळंतपण लवकर व्हावं म्हणून बायका एका वनस्पतीचा काढा घेत. त्यातलं हे २९ अमिनो आम्लांचं वर्तुळाकार पेप्टाइड. ते तांबड्या रक्तपेशीही फोडतं.

म्हणून जंतू मारणारं पेप्टाइड तपासताना आमची पहिली चाचणी रक्तावरच. धुतलेल्या तांबड्या पेशींत पेप्टाइड घालायचं, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वरचं द्रावण लाल झालं तर पेशी फुटल्या. तुलनेला शेजारच्या नळीत ट्रायटन या डिटर्जंटनं साऱ्या पेशी मुद्दाम फोडलेल्या असतात.

जिवाणूंच्या आवरणावर ऋण भार जास्त, त्यामुळे धन भाराचं पेप्टाइड आधी तिकडे ओढलं जातं. मात्रा वाढली की आपल्या पेशीही सुटत नाहीत. जंतू मारणारी मात्रा आणि पेशी फोडणारी मात्रा यांत भरपूर अंतर दिसल्याशिवाय मी पुढं जाऊ देत नाही.