बोंडअळीला औषधाची ‘सवय’ झाली नाही, मग झालं काय?

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आहे, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. उत्क्रांती म्हटलं की माणसाच्या उत्पत्तीवरून वाद सुरू होतो आणि धडा घाईघाईत उरकला जातो. यंदा मात्र पिंगळीच्या एका कापूस उत्पादकाच्या मुलाने मला थांबवलं. ‘सर, पाकिटावर बीटी लिहिलेलं असतं, तरी बोंडात अळी निघते. अब्बा म्हणतात, अळीला औषधाची सवय झाली. खरंय का?’

प्रश्न त्याच्या घरच्या चुलीचा होता. म्हणून उत्तर इथेही लिहितो.

बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातल्यामुळे पऱ्हाटी स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करते. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, लोक खूश होते. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं. पण २०१० साली गुजरातेतल्या गुलाबी बोंडअळीवर पहिलं प्रथिन चालत नसल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसरंही निकामी ठरू लागलं. २०१७ चा हंगाम तर मराठवाडा-विदर्भात कोणी विसरलेलं नाही. वरून हिरवंगार बोंड, फोडलं की आत किडकी सरकी आणि कवडी.

आता ‘सवय’ या शब्दाकडे येऊ. एखादी अळी थोडं थोडं विष खाऊन कणखर झाली, असं झालेलं नाही. समजा, वावरात दहा हजार अळ्या आहेत. त्यातल्या दोन-चार जणींच्या जनुकात जन्मतःच किरकोळ फरक आहे, त्यामुळे ते प्रथिन त्यांच्या आतड्याला नीट चिकटत नाही. बीटी येण्याआधी या फरकाचा काही फायदा नव्हता. बीटी आल्यावर बाकीच्या सगळ्या मेल्या, या दोन-चार उरल्या. त्यांचेच पतंग झाले, त्यांनीच अंडी घातली. एका पिढीला साधारण महिना लागतो, म्हणजे एका हंगामात कितीतरी पिढ्या. अळी बदलली नाही, अळ्यांची वस्ती बदलली. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची, आठवते? आपल्याकडे तिला ‘रेफ्युजी’ म्हणायचे. ती शेताच्या कडेने लावायची होती. बहुतेकांनी बांधावर फेकली. माझ्या घरच्यांनीही फेकली, खोटं कशाला बोलू? आपल्या हाताने अळी कशाला पोसायची, असं वाटायचं. पण अळी विषातून वाचायची तर तो बदल आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. कडेच्या साध्या कापसावर साधे पतंग वाढतात. वाचलेल्या पतंगाचा जोडा त्यांच्याशी जमला, तर पिल्लांना बदल एकाच बाजूने मिळतो आणि ती बीटीवर मरतात. साधे पतंगच उरले नाहीत, म्हणून वाचलेल्यांचा जोडा वाचलेल्यांशीच जमत गेला.

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे बीटी मुख्यतः संकरित वाणांत आलं. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत विष असतं, काहीत नसतं. अळी सरकी खात खात पुढे सरकते, तिला कमी-जास्त मात्रा मिळते आणि अर्धवट ताकदीच्या अळ्याही तगतात. त्यात आपले वाण लांब मुदतीचे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात साधा कापूस शिस्तीने लावला गेला, २००६ पासून विमानातून वांझ पतंग सोडले गेले, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बीटीही तेच.

हाच हिशेब घरातल्या औषधांनाही लागू आहे. टीबीच्या गोळ्या बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या, तर सर्वांत चिवट जंतू मागे राहतात आणि तेच पुढे घरात पसरतात.

मुलाने मग फरदडीचं विचारलं. जानेवारीनंतर पाणी देऊन ठेवलेल्या पऱ्हाटीचा कापूस रमजान-ईदच्या खर्चाला उपयोगी पडतो. ‘ठेवू नका’ म्हणणं मला सोपं, त्याच्या अब्बांना अवघड. पण त्या उशिराच्या बोंडांतच वाचलेली अळी पुढच्या हंगामापर्यंत झोपून राहते. चुलीसाठी रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांना वाळकी बोंडं असतील, तर तिथेही. म्हणून डिसेंबर-जानेवारीत पीक संपवायचं, पऱ्हाट्या उपटून वावराबाहेर काढायच्या, जळण हवं असेल तर बोंडं तोडून जाळायची. कमी मुदतीचं वाण घ्यायचं. कामगंध सापळे हेक्टरी पाच लावायचे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली असं धरायचं. आणि हे एका वावरात करून भागत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही.

त्या मुलाला मी एक काम दिलंय. सापळ्यातले पतंग रोज सकाळी मोजून वहीत लिहायचे. परवा सांगत होता, अब्बाच आधी जाऊन मोजतात.