एम.एस्सी. कृषी : कोणत्या जमिनीसाठी?



मागच्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेबाहेर आपल्या कार्यक्षेत्रातला एक तरुण भेटला. अक्कलकुवा तालुक्यातला, बी.एस्सी. कृषी झालेला. दोन वर्षे तो इथे स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. चहा घेताना म्हणाला, "दादा, घरी पैसे मागायची आता लाज वाटते. एम.एस्सी.चा फॉर्म भरू का? जनरल शेतीतच करीन म्हणतो."

हा प्रश्न आपल्या पाड्यांवरच्या अनेक पदवीधरांचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बी.एस्सी.च्या चार वर्षांत शेतीचे सगळे विषय थोडे थोडे शिकवतात. एम.एस्सी.ला मात्र एकच शाखा निवडावी लागते : कृषिविद्या, मृदशास्त्र, कीटकशास्त्र, उद्यानविद्या, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण अशी. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. आधी वर्गातले विषय, मग मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन व प्रबंध. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत हे शिक्षण मिळते, पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही मिळते. प्रवेश सामाईक परीक्षेतून होतो. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते वेळेवर हाती नसले तर हुशार मुलगाही मागे राहतो.

कृषी सेवेच्या परीक्षेला पदवी पुरते, त्यासाठी एम.एस्सी.ची गरज नाही. पण कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायचे किंवा महाविद्यालयात शिकवायचे, तर ती लागतेच. केवळ नोकरी मिळेपर्यंतचा काळ काढण्यासाठी कोणी ती करू नये. त्या दोन वर्षांत घरचे एक कमावते माणूस कमी असते.

मी त्याला कार्व्हरची आठवण दिली. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. ते छापणारे राजहंस प्रकाशन याच पेठेतले. गुलामीत जन्मलेल्या या देवभक्त माणसाने 1896 साली अमेरिकेतील आयोवा येथे शेतीची मास्टर्स पदवी घेतली आणि त्याच वर्षी तो टस्कीगीला, आपल्या गरीब बांधवांत गेला. कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग व चवळी घ्या, असे त्याने त्यांना शिकवले. ही पिके मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतात. 1943 साली मरण येईपर्यंत तो तिथेच राबला.

मग मी विचारले, "तुझ्या जमिनीचं दुखणं काय?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "उतारावरची माती दर पावसाळ्यात वाहून जाते, दादा. म्हणून तर बाबा गुजरातला ऊसतोडीला जातात."

शाखा तिथेच ठरली : मृदशास्त्र. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही बी एकच होते, फरक जमिनीचा होता.

तो आता फॉर्म भरतो आहे. प्रवेश मिळेलच असे नाही. मिळाला, तर शिष्यवृत्ती खात्यात येईपर्यंत खानावळ व पुस्तकांचा खर्च उभा करावा लागेल. आपल्या मंडळीत कोणी कृषी पदवीधर असतील, तर त्यांनी अशा मुलांना परीक्षेसाठी आठवड्यातून एक तास द्यावा. आणि आपल्या प्रार्थनेत त्याची व त्याच्या बाबांची आठवण ठेवावी.