ड्रोन दिसला, अडवायचा कोणी?
आकाश केंद्राचे, जमीन राज्याची: विनापरवाना उड्डाणे आणि स्थानिक पोलिसांचे अधिकार

महाराष्ट्रात 2024 च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीण आणि बीड परिसरातील अनेक गावांनी रात्री जागून काढल्या. आकाशात घिरट्या घालणारे ड्रोन चोरांसाठी टेहळणी करतात, असा संशय पसरला होता. काठ्या घेऊन गस्त घालणारे ग्रामस्थ आणि पोलिस ठाण्यात खणखणणारे दूरध्वनी, असे ते चित्र होते. अशा वेळी ठाण्यातील अधिकारी नेमके काय करू शकतो, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. समुद्रकिनारे, लग्नसोहळे आणि पर्यटकांमुळे ड्रोन नित्याचा झालेल्या गोव्यालाही तो तितकाच लागू आहे.

नियम काय सांगतात?

हवाई क्षेत्र हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय आहे. 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत विभागले. हिरव्या क्षेत्रात 120 मीटर उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची, तर लाल क्षेत्रात केंद्र सरकारची परवानगी आवश्यक असते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच निर्बंध सुरू होतात. 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 60 मीटरपर्यंतच मोकळीक आहे. त्यामुळे दाबोळीलगतच्या वास्को किंवा बोगमाळो येथे हौसेखातर उडवलेला ड्रोनही नियमभंग ठरू शकतो.

ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेणे बंधनकारक आहे. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन आणि बिगरव्यावसायिक वापराचा 2 किलोपर्यंतचा ड्रोन उडवण्यास मात्र वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. लग्नाचे चित्रीकरण करणारा छायाचित्रकार मोबदला घेतो. म्हणून त्याचा ड्रोन 250 ग्रॅमहून जड असल्यास त्याला ही सवलत मिळत नाही.

पोलिसांच्या हाती काय?

पहिला अधिकार याच नियमांतील आहे. तातडीच्या प्रसंगी राज्य सरकार किंवा पोलिस यंत्रणा आपल्या हद्दीतील ठरावीक भाग एका वेळी कमाल 96 तासांसाठी तात्पुरते लाल क्षेत्र म्हणून घोषित करू शकते. मात्र हा आदेश पोलिस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाच्या अधिकाऱ्यानेच काढायचा असतो. ठाण्याच्या निरीक्षकाला तो अधिकार नाही.

दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 चा, म्हणजे पूर्वीच्या 144 चा. मनाईचा हा आदेश साधारणपणे 2 महिने टिकतो. त्याचा भंग केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 नुसार 6 महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2,500 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जीवितास धोका निर्माण झाल्यास शिक्षा वाढते. मात्र संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेत नाही. अनेक प्रकरणे याच टप्प्यावर अडखळू शकतात.

ड्रोन नियमांच्या भंगासाठी 1 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो नागरी विमान वाहतूक महासंचालक किंवा सरकारने प्राधिकृत केलेला अधिकारी सुनावणीची संधी देऊन ठरवतो. रस्त्यावर पावती फाडून वसूल करण्याचा तो दंड नव्हे. गुन्ह्याचा संशय असल्यास ड्रोन जप्त करणे मात्र पोलिसांच्या अधिकारात आहे.

तेलंगणातील उदाहरण

काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावरील बेल्लमपल्ली हे कोळसापट्ट्यातील शहर जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून 2016 मध्ये मंचेरियल जिल्ह्यात गेले. ते रामगुंडम पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. तेथे चालू विमानतळ जवळ नाही. त्यामुळे अन्य कारणाने निर्बंध नसतील, तर 120 मीटरखालचे उड्डाण पूर्वपरवानगीशिवायही नियमांत बसू शकते. वास्कोत जे बेकायदा, ते बेल्लमपल्लीत कायदेशीर असू शकते. म्हणूनच ड्रोन दिसणे हा स्वतःहून गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही.

नागरिकांनी काय करावे?

दगड मारून किंवा गोळी झाडून ड्रोन पाडणे धोक्याचे आहे. पाडणाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. सिग्नल रोखणारे जॅमर खासगी व्यक्तीला वापरता येत नाहीत. ड्रोन दिसल्याची वेळ, दिशा, अंदाजे उंची आणि शक्य असल्यास चित्रफीत 112 क्रमांकावर किंवा ठाण्यात कळवणे हाच योग्य मार्ग आहे. शेतीतील फवारणी आणि स्वामित्व योजनेतील गावठाण मोजणीही ड्रोननेच होते, हेही ध्यानात ठेवावे.

जून 2021 मध्ये जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनने स्फोटके टाकली गेली. धोका खरा आहे. पण अफवेच्या भरात एखाद्या अनोळखी वाटसरूला जमावाने घेरणे हाही धोकाच आहे. दोन्ही टाळायचे, तर आपल्या हद्दीत कोणते क्षेत्र लागू आहे आणि कोणता मनाई आदेश जारी आहे, हे प्रत्येक ठाण्याच्या फलकावर ठळकपणे लिहिलेले असायला हवे.