शास्त्रज्ञ चावडीवर बसतात काय?



आसेगावसारख्या गावात पूर्वी बातमी कळे ती चावडीवर, पारावर किंवा बाजाराच्या दिवशी. आज ती चावडी प्रत्येकाच्या खिशात आली आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब या समाजमाध्यमांवर अष्टौप्रहर कोणी ना कोणी बोलत असते. त्यावरून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : खरोखर काम करणारे अभियंते आणि संशोधक या चावडीवर वेळ घालवतात काय? या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. जो काम करतो त्याला बोलायला सवड नसते, आणि जो बोलत राहतो तो काम करीत नसतो, ही ती समजूत. ती कितपत खरी आहे, ते आज पाहू.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, विज्ञान एकट्याने होत नाही. चार्ल्स डार्विनने लिहिलेली आणि त्याला आलेली मिळून सुमारे १५,००० पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत विद्वानांप्रमाणेच कबुतरे पाळणारे आणि माळीही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या गुण कसे उतरतात, हे त्यांनी हाताने काम करून पाहिलेले होते, म्हणून डार्विन त्यांना प्रश्न विचारी. ही पत्रे म्हणजे त्याच्या संशोधनाची सामग्रीच होती.

अभियंत्यांचेही तसेच आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने संगणकांच्या जाळ्यावरील एका सार्वजनिक फलकावर लिहिले की, आपण छंद म्हणून एक संगणक-प्रणाली तयार करीत आहोत, तीत काय असावे ते सुचवा. अनेकांनी सूचना केल्या, चुका दाखविल्या, दुरुस्त्या पाठविल्या. त्यातून ‘लिनक्स’ वाढली. आपल्यापैकी ज्यांच्या हाती अँड्रॉइड फोन आहे, त्यांच्या फोनचा गाभा तीच आहे. तेव्हा चावडीवर गंभीर काम होतच नाही, असे म्हणता येणार नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शेतात पाणी देताना ते शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचण्याआधीच कोणी मध्ये पाट फोडला, तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अवघड गणित सोडविणाऱ्याचे किंवा यंत्राचा आराखडा करणाऱ्याचे मन असेच असते. दहा गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरून तो पुढे जातो, आणि एका हाकेने ती सारी मांडणी मोडते. संगणकशास्त्राचे थोर आचार्य डोनाल्ड क्नुथ यांनी हे ओळखून १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरणेच सोडले. आपल्या विषयाच्या तळाशी जायचे तर दीर्घ आणि अखंड एकाग्रता हवी, असे त्यांचे म्हणणे. मात्र पोस्टाने येणारी पत्रे त्यांनी नाकारली नाहीत. बोलणे बंद न करता त्यांनी त्याची वेळ आपल्या हाती ठेवली.

या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे सुंदर उदाहरण महाराष्ट्रानेच दिले आहे. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला आणि २०२५ साली निधन होईपर्यंत त्यांचे विश्वाविषयीचे चिंतन सुटले नाही. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत, तेव्हा ते सांगत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, सहीनिशी उत्तर येईल. या युक्तीत मोठे शहाणपण आहे. मुलाला प्रश्न शोधण्यासाठी विचार करावा लागे, आणि शास्त्रज्ञाला आपल्या सवडीने उत्तर देता येई.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. हां हां म्हणता त्याची छायाचित्रे जगभर पसरली आणि तर्कांना ऊत आला. चावडीने येथे एक चांगले काम केले : सर्वांचे लक्ष वेधले. परंतु उत्तर तेथे मिळाले नाही. वनखात्याने पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठविले. पाणी घटून क्षार वाढल्यावर हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्यातील रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसते, असे आघारकर संस्थेच्या तपासणीत आढळले. हे जीव तळाशी बसले की वरचे पाणी नितळ होई. प्रश्न सर्वांसमोर आला, पण त्याचा निर्णय प्रयोगशाळेत लागला.

म्हणून एखादा संशोधक समाजमाध्यमावर दिसतो की नाही, एवढ्यावरून त्याची किंमत करू नये. काही तेथे असतात, काही नसतात. पाहायचे ते हे की, बोलणारा आपल्याला हे कसे कळले ते सांगतो काय? आपल्या विषयाच्या मर्यादेत राहतो काय? आणि चूक दाखविली तर ती दुरुस्त करतो काय?

ही कसोटी केवळ विद्वानांच्या उपयोगाची नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीत काय जिवावर बेतू शकते, ते आपण पाहिले आहे. तेव्हा औषधाची मात्रा सांगणारा संदेश फोनवर आला, तर त्याखाली किती जणांनी अंगठे उंचावले ते पाहू नका. डब्यावरचे पत्रक वाचा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिफारस विचारा.

आणि ज्या तरुणांना संशोधक किंवा अभियंता व्हायचे आहे, त्यांना इतकेच सांगणे आहे : चावडीवर अवश्य जा, पण जाताना एक नेमका प्रश्न घेऊन जा, आणि उत्तराची दिशा मिळताच आपल्या कामावर परत या.