ट्रॉली ओढण्याचे शास्त्र

स्वतःचे इंजिन नसलेले, दुसऱ्या वाहनामागे जोडून न्यायचे वाहन म्हणजे ट्रेलर. युरोप-अमेरिकेत अनेक कुटुंबे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर मोटारीमागे जोडून सहलीला निघतात. महाराष्ट्रात सर्वाधिक दिसणारा ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरमागची ट्रॉली. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर आणि आसपासच्या गावांत ती बाराही महिने रस्त्यावर असते. पावसाळा सरत आला की टोमॅटोचे क्रेट पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे निघतात. थंडीत उसाच्या गाड्या दिंडोरी तालुक्यातील कादवा कारखान्याची वाट धरतात. त्यानंतर द्राक्षांचा आणि उन्हाळ कांद्याचा हंगाम येतो. यातली बरीच वाहतूक मुंबई-आग्रा महामार्गावरून किंवा त्याच्या सर्व्हिस रोडवरून होते. तिथे कंटेनर, एसटी बस, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातील कामगारांची वाहने आणि ओझर विमानतळाकडे निघालेल्या मोटारी एकाच वेळी धावत असतात.

आजचा ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सहा टनांची ट्रॉली सपाट रस्त्यावर फारसा त्रास न होता ओढतो. इंजिन ओढते आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे चालकाला वाटू लागते, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात इथेच होते. भार ओढणे हा या कामाचा सोपा भाग आहे. तो वेळेत थांबवणे, एका रेषेत ठेवणे आणि मागून येणाऱ्याला दाखवणे यात चालकाचे खरे कौशल्य लागते.

वजन आणि त्याची वाटणी

ट्रॉली दोन प्रकारची असते. दोनचाकी ट्रॉलीला एकच आस असतो, त्यामुळे तिच्या भाराचा काही हिस्सा दांड्यावाटे ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चारचाकी ट्रॉलीचा भार तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर राहतो आणि पुढचा आस दांड्याबरोबर वळतो.

दोनचाकी ट्रॉलीत माल कुठे रचला आहे याला फार महत्त्व आहे. माल जास्त पुढे गेला तर हूक खाली दाबला जातो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. हलकी झालेली चाके रस्ता नीट धरत नाहीत, मग स्टेअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. माल फार मागे गेला तर दांडा हुकाला वर उचलू पाहतो. मग ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा दाब घटतो, आणि ओढण्याचे व ब्रेकचे काम तर तीच चाके करतात. म्हणून जड माल आसाच्या वर आणि किंचित पुढे, डावी-उजवी बाजू समान ठेवून रचायचा. मोटारीमागच्या प्रवासी ट्रेलरसाठी अमेरिकेत ठोकताळाच आहे: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीवर यावा. तो त्याहून कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि शेवटी मोटारीलाही फरफटत नेतो. असे झोके सुरू झाले तर जोरात ब्रेक मारू नये आणि स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नये. स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि वेग आपोआप उतरू द्यावा. ट्रेलरला वेगळा ब्रेक असेल तर तेवढाच हलका लावावा.

हुकावर किती भार येतो हे भुईकाट्यावर मोजता येते. आधी सुट्या ट्रॅक्टरचे वजन करायचे. मग भरलेली ट्रॉली जोडून, तिची चाके काट्याच्या बाहेर ठेवून पुन्हा ट्रॅक्टरचे वजन करायचे. दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. बाजार समितीत किंवा कारखान्यावर काटा करण्याची वेळ येतेच, त्यामुळे एका हंगामात एकदा हे पाहून ठेवणे कुणालाही जमण्यासारखे आहे.

उंचीही तितकीच महत्त्वाची असते. उसाची मोळी जितकी वर चढते तितका गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ट्रॉली कलंडण्याचा धोका वाढतो. द्राक्षबागांना उन्हाळ्यात पाणी पुरवणारे टँकर अर्धे भरलेले असले की आतले पाणी हेलकावे खाते, वळणावर एका बाजूला धावते आणि टँकरला बाहेर ढकलते. टँकर शक्य तो पूर्ण भरून न्यावा किंवा पूर्ण रिकामा आणावा. अर्धा न्यावाच लागला तर वळणाआधीच वेग अगदी कमी करावा.

जोडणी

ट्रॉली नेहमी ट्रॅक्टरच्या खालच्या, ओढण्यासाठीच दिलेल्या हुकाला जोडायची. ही जागा मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खाली असते आणि त्याला कारण आहे. खालून ओढले तर भार ट्रॅक्टरचा पुढचा भाग जमिनीकडे दाबून धरतो. आसाच्या वरच्या जागेवर, उदाहरणार्थ टॉपलिंकच्या ठिकाणी साखळी किंवा दांडा अडकवला, तर तोच भार ट्रॅक्टरला मागच्या चाकांभोवती उलटा फिरवू पाहतो. रुतलेली ट्रॉली काढताना झटक्याने क्लच सोडला की पुढची चाके उचलली जातात, आणि ट्रॅक्टर सावरता न येण्याच्या स्थितीला एका सेकंदाच्या आत पोहोचतो. चालकाला पाय हलवायलाही वेळ मिळत नाही.

पिन मापाची आणि घट्ट बसणारी हवी. पिनीऐवजी सळई किंवा मिळेल तो बोल्ट घालणे हा मोठ्या अपघाताचा सरळ मार्ग आहे. पिनीच्या खालच्या टोकाला लॉकपिन नसेल तर खड्ड्यात आपटून मुख्य पिन वर उसळते आणि ट्रॉली सुटते. त्यासाठी दुसरा आधार म्हणून दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून ट्रॅक्टरला बांधाव्यात. पिन निघाली तरी दांडा त्या साखळ्यांवर पडतो आणि रस्त्यात रुतत नाही. पिनीचे भोक झिजून लांबट झाले असेल तर चालताना धक्के बसतात आणि ट्रॉली वळवळते. वेल्डिंगच्या दुकानात ते दुरुस्त करून घेण्याचा खर्च अपघाताच्या मानाने काहीच नाही.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी. पिन, लॉकपिन, साखळी, चाकांचे नट, टायरमधली हवा, फाळक्याच्या कड्या, मालाच्या दोऱ्या, दिव्यांची वायर, सगळे एकदा हाताने तपासावे. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा पाहावे, कारण माल बसला की दोऱ्या सैल पडतात.

थांबवणे

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतो आणि बहुतेक ट्रॅक्टरचा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांवर चालतो. दोन टनांच्या ट्रॅक्टरमागे सहा टनांची ट्रॉली असेल तर थांबवायचे वजन आठ टन होते, म्हणजे एकट्या ट्रॅक्टरच्या चौपट. ब्रेक तोच आणि वजन चौपट, म्हणून थांबायला लागणारे अंतरही साधारण चौपट. वेगाचा हिशेब आणखी कडक आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ताशी १५ किलोमीटरवर जे सहज जमते ते ३० वर हाताबाहेर जाते.

शेतात जागेवर वळण्यासाठी ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक पेडल दिलेले असतात. रस्त्यावर येण्याआधी ही दोन्ही पेडले खिट्टीने जोडलीच पाहिजेत. एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो, मागून येणारा भार त्याला आणखी ढकलतो, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली मध्येच काटकोनात दुमडतात. डिफरन्शियल लॉकही रस्त्यावर सोडलेला असावा.

पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर ठेवणे, चौक किंवा गतिरोधक दिसताच वेग उतरवणे आणि ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबणे, हा सुरक्षित चालकाचा नेम असतो. ब्रेक असलेल्या ट्रॉल्याही मिळतात. नवी ट्रॉली घेताना त्यासाठी मोजलेला पैसा वाया जात नाही.

चढ आणि उतार

ओझर परिसर बराचसा सपाट आहे, पण चांदवडपुढे मालेगावकडे जाताना राहुड घाट लागतो. उताराचा एकच पक्का नियम आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. इंजिनच मग वेग रोखून धरते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून धरणे म्हणजे हा सर्वांत मोठा ब्रेक काढून टाकणे होय. भार एकदा धावू लागला की परत गिअर पडत नाही आणि सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. चढावर गाडी बंद पडली तर आधी ब्रेक लावावा, हँडब्रेक ओढावा आणि सोबत्याकडून ट्रॉलीच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावून घ्यावेत. दगड लावलेच तर निघताना ते रस्त्याबाहेर टाकावेत. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलला असा एक दगड पुरेसा असतो.

वळण आणि मागे घेणे

वळताना ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, ती वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. म्हणून ट्रॅक्टर थोडा पुढे नेऊन मग वळवावा आणि आतल्या बाजूला मोटारसायकल किंवा पादचारी नाही याची खात्री करावी. मागे दोन ट्रॉल्या असतील तर दुसरी पहिलीपेक्षाही आत येते. महामार्गाच्या दुभाजकातून वळताना गाडीची पूर्ण लांबी रस्ता ओलांडेपर्यंतचा वेळ हिशेबात धरावा लागतो. ट्रॅक्टर पलीकडे गेला तरी ट्रॉली अजून मधल्या लेनमध्येच असते.

मागे घेताना सगळे उलटे होते. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. शिकणाऱ्यासाठी सोपी युक्ती अशी: हात स्टेअरिंगच्या खालच्या टोकाला धरायचा आणि ट्रॉली ज्या बाजूला हवी त्या बाजूला हात न्यायचा. हालचाल थोडी आणि वेग चालण्याइतकाच ठेवावा. ट्रॉली वाकडी होऊ लागली तर झगडत बसू नये, पुढे जाऊन सरळ करावी आणि पुन्हा मागे यावे. चारचाकी ट्रॉलीत दांडा आणि फिरता आस अशी वळण्याची दोन ठिकाणे असल्याने ती मागे घेणे अधिक अवघड जाते. इशारा करणारा सोबती चालकाला सतत दिसेल अशा जागी, बाजूला उभा असावा. तो दिसेनासा झाला की ताबडतोब थांबावे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधल्या जागेत कुणीही उभे राहू नये, आणि मडगार्डवर किंवा दांड्यावर कुणाला बसवू नये. तिथून तोल गेलेला माणूस थेट ट्रॉलीच्या चाकाखाली जातो.

दिसणे

महामार्गावर मोटार ताशी ९० किलोमीटर वेगाने म्हणजे सेकंदाला २५ मीटर धावते. ताशी १८ किलोमीटरने चाललेली ट्रॉली त्याच वेळात ५ मीटर पुढे सरकते. दोघांमधले अंतर दर सेकंदाला २० मीटरने कमी होत असते. ट्रॉलीचा दिवा किंवा रिफ्लेक्टर १०० मीटरवरून दिसला तर मोटारचालकाला पाच सेकंद मिळतात. काहीच नसले आणि ट्रॉली ४० मीटरवर दिसली तर फक्त दोन. मागचे लाल दिवे, इंडिकेटर आणि लाल रिफ्लेक्टर यांचे मोल या तीन सेकंदांत आहे. उसाची टोके किंवा ताडपत्री लोंबून दिवे झाकले जातात, म्हणून माल भरून झाल्यावर मागे जाऊन पाहावे आणि धूळ-चिखल पुसावा. गाडी बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि बऱ्याच मागे परावर्तक त्रिकोण ठेवावा. मोठ्या आवाजात गाणी लावली तर मागचा हॉर्नही ऐकू येत नाही आणि सुटत चाललेल्या पिनीचा खडखडाटही.

कायद्याच्या अटी

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे वेगळे वाहन आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक शेवटच्या ट्रेलरवरही दिसेल असा लिहावा लागतो. विनाभार वजन ७,५०० किलोपेक्षा जास्त नसलेला ट्रॅक्टर हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत बसतो, त्यामुळे चालकाकडे त्या वर्गाचा वैध परवाना हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. विमा काढताना ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचीही नोंद झाली आहे ना, हे पॉलिसीवर वाचून घ्यावे. ती नसेल तर अपघातानंतर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो.

ट्रॉली सोडताना

शेवटची दक्षता घरी पोहोचल्यावर घ्यायची असते. ट्रॉली सपाट जागी उभी करावी आणि आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. दोनचाकी ट्रॉलीचा दांडा स्टँडवर नीट टेकला आहे याची खात्री झाल्यावरच पिन काढावी. मागचा भाग जड राहिला असेल तर पिन निघताच दांडा वर उसळतो, म्हणून माल उतरवताना तो आधी मागून उतरवावा आणि अर्धी भरलेली ट्रॉली कधीही सोडू नये. पिन, लॉकपिन आणि साखळ्या एकाच जागी टांगून ठेवाव्यात, म्हणजे पहाटे बाजार गाठण्याच्या घाईत पिनीऐवजी सळई शोधायची वेळ येणार नाही.