घरचा ट्रान्समीटर : आधी परवाना, मग तार

विजेचं काम जाणणारा एखादा पोरगा प्रत्येक गावात असतोच. मोटारीचा स्टार्टर तोच दुरुस्त करतो, रेडिओही तोच उघडतो. अशा पोराच्या मनात कधी ना कधी येतंच, की आपणच गावाचं रेडिओ केंद्र काढावं. पाण्याची पाळी, बाजारभाव, कपाशीवरच्या किडीची खबर घरोघरी ऐकवावी. इच्छा चांगली आहे आणि यंत्रही सोपं आहे. पण पुढची गोष्ट सरपंच, ग्रामसेवक आणि पालकांनी वेळीच समजून घ्यावी, नाहीतर पोरगा नाहक अडचणीत यायचा.

आधी यंत्र बघू. पाटाला पाणी एका धारेनं वाहतं. दारे धरणारा फळी वर-खाली करतो, तशी पुढची पातळी कमी-जास्त होते. एएम ट्रान्समीटरचं असंच आहे. ऑसिलेटर एकसारखी लहर तयार करतो. एक मेगाहर्ट्झचा असेल तर सेकंदाला १० लाख वेळा. आपला आवाज छोट्या ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून ऑसिलेटरच्या वीजपुरवठ्यात मिसळायचा. आवाज चढला की लहर मोठी, उतरला की लहान. ऑसिलेटर, ट्रान्सफॉर्मर, बॅटरी आणि तारेचा तुकडा, सामान एवढंच. जवळचा रेडिओ १००० किलोहर्ट्झवर लावला की बोलणं ऐकू येतं.

आवाज फार लांब मात्र जात नाही. या लहरीची लांबी ३०० मीटर. अँटेना तिच्या चौथ्या हिश्शाचा, म्हणजे ७५ मीटरचा असला तर काम नीट होतं. मीडियम वेव्हचे मनोरे एवढे उंच का, ते यावरून कळेल.

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालला. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. प्रक्षेपण ४२.३४ मीटरच्या लहरीवर होतं. तिचा चौथा हिस्सा साधारण साडेदहा मीटर, म्हणजे गच्चीवर मावणारा. तरी जागा पुन्हापुन्हा बदलावी लागे. कारण ट्रान्समीटर बोलू लागला की दिशा शोधणाऱ्या यंत्रानं त्याचा माग निघतो. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी धाड घातली. उषाताईंना चार वर्षांची कैद झाली. त्यांनी कायदा समजून-उमजून, देशासाठी मोडला होता.

आज मात्र कायदा आपला आहे. १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून ट्रान्समीटर ठेवायला परवाना लागत आला. आता दूरसंचार कायदा २०२३ आहे. यामागं कारणही आहे. ओबडधोबड ट्रान्समीटर आपल्या जागेवर राहत नाही, वरच्या लहरींवरही सांडतो. चिकलठाणा विमानतळ आणि वैमानिक यांचं बोलणंसुद्धा एएमवरच चालतं. एकानं पाट फोडला तर खालच्या सगळ्यांचं नुकसान, तसंच हे.

मग पोरानं करावं काय? वाटा दोन आहेत.

पहिली हॅम रेडिओची. वय १२ वर्षं पूर्ण असेल तर केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. परवाना मिळाला की घरी बनवलेला ट्रान्समीटर रीतसर चालवता येतो. बोलायचं मात्र दुसऱ्या हॅमशीच. गाणी, बातम्या, बाजारभाव चालत नाहीत.

दुसरी सामुदायिक रेडिओची. २००६ च्या धोरणानं कृषी विज्ञान केंद्रं, कृषी विद्यापीठं आणि किमान तीन वर्षं काम केलेल्या नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना ही वाट खुली झाली. एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला परवाना मिळत नाही. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी आणि म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी याच वाटेनं उभ्या राहिल्या.

तेव्हा पाण्याची पाळी सांगायला तूर्त ग्रामपंचायतीचा लाऊडस्पीकर पुरे. पोराच्या हातातली तार हिसकावू नका. त्याला परीक्षेचा अर्ज मात्र आधी भरायला लावा.