यादीत नसलेला तारा
लेखमाला : धर्म आणि राज्यसंस्था – भाग सहावा

मागच्या भागात आपण सेलमपर्यंत आलो होतो. १६९२ साली तिथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं गेलं आणि एका वृद्धाला दगडांखाली चिरडून मारलं गेलं. फासावर गेलेल्यांनी अखेरपर्यंत आरोप नाकारला होता. आज ज्यांच्याविषयी लिहायचं आहे ती माणसं ‘विच’ हे नाव आपणहून घेतात, आणि इथे आपल्या वाचकाचा घोळ होऊ शकतो. सातपुड्यात डाकीण ठरवून जिला मारहाण होते, त्या बाईने ते नाव मागितलेलं नसतं. तिच्यासाठी आपला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तो असायलाच हवा. विक्का पंथाची गोष्ट निराळी आहे.

इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम्स अधिकाऱ्याने पुस्तक लिहून हा पंथ लोकांपुढे आणला. देवी आणि शिंगं असलेला देव यांची उपासना, वर्षाचे ऋतूंना धरून आठ सण, पौर्णिमेचे विधी, आणि कुणाला इजा न करता हवं तसं वागावं हा मुख्य दंडक. सैतान त्यांच्या श्रद्धेत नाहीच. ती कल्पना ख्रिस्ती धर्मातली. आपली परंपरा फार प्राचीन आहे, हा सुरुवातीचा दावा इतिहासकारांनी मान्य केलेला नाही. पण एखादा धर्म किती जुना आहे, यावर तो पाळणाऱ्याचा हक्क ठरवायचा नसतो.

अमेरिकेत मात्र तो हक्क दर वेळी नव्याने मागावा लागला. १९८५ मध्ये सेनेटर जेसी हेल्म्स यांनी चेटूक मानणाऱ्या संस्थांची करसवलत काढून घेणारी दुरुस्ती मांडली. सेनेटने ती मंजूरही केली, पुढे ती गळाली. १९८६ मध्ये व्हर्जिनियातल्या एका कैद्याच्या खटल्यात रिचमंडच्या संघीय अपील न्यायालयाने विक्का हा धर्मच आहे, असं मान्य केलं. विधीचं साहित्य मात्र त्या कैद्याला मिळालं नाही. १९९९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर विक्कन सैनिक विधी करतात, असं कळल्यावर काँग्रेस सदस्य बॉब बार संतापले. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी चेटूक हा काही धर्म आहे असं आपल्याला वाटत नाही, असं टीव्हीवर सांगितलं. गंमत म्हणजे सैन्यातल्या धर्मगुरूंसाठीच्या सरकारी हस्तपुस्तिकेत या पंथाची माहिती १९७८ पासून छापलेली होती.

बुश यांच्या त्या वाक्याची किंमत सहा वर्षांनी एका कुटुंबाने मोजली. सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट हा नेव्हाडा नॅशनल गार्डमधला सैनिक. २५ सप्टेंबर २००५ रोजी अफगाणिस्तानात त्याचं चिनूक हेलिकॉप्टर पाडलं गेलं आणि आतले पाचही जण ठार झाले. गळ्यातल्या ओळखपट्टीवर त्याचा धर्म ‘विक्कन’ असा नोंदवलेला. त्या नोंदीवर कुणी हरकत घेतली नव्हती. पण नेव्हाडातल्या फर्नली इथल्या सैनिकी दफनभूमीतल्या स्मृतिभिंतीवर त्याची पाटी लावायची वेळ आली, तेव्हा माजी सैनिकांच्या संघीय खात्याने विक्कनांचा वर्तुळातला पाच टोकांचा तारा कोरायला नकार दिला. कारण एवढंच, की हे चिन्ह मंजूर यादीत नाही.

ही यादी मुळातून पाहण्यासारखी आहे. तिच्यात तीसहून अधिक चिन्हं होती. क्रॉस, चंद्रकोर, ज्यूंचा तारा ही असणारच. हिंदूंचं, बौद्धांचं, शिखांचं चिन्ह होतं. जपानमधल्या तेन्रिक्योसारख्या पंथांची चिन्हं होती, आणि देव न मानणाऱ्यांसाठी अणूची आकृतीही होती. आपल्या नगरजवळच्या मेहेराबादला ज्यांची समाधी आहे, त्या मेहेरबाबांच्या अमेरिकी अनुयायांचा ‘सूफीझम रीओरिएंटेड’ हा लहानसा पंथदेखील होता. म्हणजे विक्का पंथ लहान किंवा नवा म्हणून नाकारला, असं म्हणायला जागा नव्हती. विक्कन संस्था जवळजवळ दहा वर्षं अर्ज करत होत्या, आणि तेवढा काळ खात्याकडून कधी नियम बदलताहेत, कधी विचार चालू आहे अशी उत्तरं येत होती. ज्याने सरळ ‘नाही’ म्हटलं त्याच्याविरुद्ध न्यायालयात जाता येतं. फायलीवर नुसतं बसून राहणाऱ्याशी भांडायचं कसं? मला हा छळ दगडफेकीपेक्षा कमी वाटत नाही.

स्टुअर्टच्या पत्नीने त्या भिंतीवर दुसऱ्या कुठल्याही चिन्हाची पाटी लावायला नकार दिला, आणि भिंतीवर त्याची जागा कोरी राहिली. अखेर राज्य सरकारने, दफनभूमी आमची आहे, असं म्हणून २००६ च्या अखेरीस ताऱ्यासह पाटी लावली. दरम्यान खटला दाखल झाला. त्यात खात्याची जी कागदपत्रं उघड झाली, त्यांत बुश यांच्या त्या जुन्या विधानाचा संदर्भ निघाला. २३ एप्रिल २००७ रोजी सरकारने तडजोड केली, वकिलांच्या खर्चापोटी २,२५,००० डॉलर दिले आणि तारा यादीत आला.

सगळ्यांच्या वाट्याला असा शेवट आला नाही. साउथ कॅरोलिनातल्या ग्रेट फॉल्स गावात नगरपरिषदेची सभा येशूच्या नावाने सुरू होई. एका विक्कन बाईने हरकत घेतली, तर तिच्या घराची नासधूस झाली, पाळीव जनावरं मारली गेली. २००४ मध्ये रिचमंडच्याच न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पण पुढच्याच वर्षी त्या न्यायालयाने व्हर्जिनियातल्या चेस्टरफील्ड काउंटीला मोकळं सोडलं. तिथे सभेपूर्वीची प्रार्थना म्हणणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव असावं, असं एका विक्कन बाईने मागितलं होतं. या प्रार्थना ज्यू-ख्रिस्ती परंपरेतल्या देवाच्या असतात, असं काउंटीने कळवलं. प्रार्थनेत कुणा एका पंथाचं नाव नसलं म्हणजे ती कुणी म्हणायची हे काउंटीने ठरवावं, हा न्यायालयाचा तर्क मला पटत नाही. दाराबाहेर उभं केलेल्या माणसाला आतली भाषा सौम्य आहे, याचा काय उपयोग? सर्वोच्च न्यायालयाने तिची याचिका ऐकायलाही घेतली नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस या गावाचा खटला मात्र सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. सभेत फक्त ख्रिस्ती प्रार्थना होतात, अशी तक्रार आल्यावर गावाने २००८ मध्ये एका ज्यू गृहस्थाला, एका बहाईला आणि एका विक्कन पुजारीण बाईलाही प्रार्थना म्हणू दिली. २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल गावाच्या बाजूने लागला, आणि या निमंत्रणांचा त्यात उल्लेख झाला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी आपल्या विरोधी मतात त्यापुढची नोंदही लिहून ठेवली आहे : ते वर्ष सरल्यावर, खटल्याची नोंद संपेपर्यंतच्या दीड वर्षात, तिथे पुन्हा फक्त ख्रिस्ती प्रार्थनाच झाल्या.

(पुढच्या भागात : तुरुंगातले धर्म)